दोनशे त्रेसष्टावा नट

माझ्या थोरल्या जाऊबाई चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. निवृत्तीच्या दिवशी इस्पितळाने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ भेट दिलं. घरी येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ते घड्याळ सव्वा मिनिट मागे आहे असं इस्पितळाला फोन करून कळवलं.

मी त्यांना वहिनी म्हणते. बाकी सारी गल्ली सिस्टर म्हणते. घर दुमजली. वर वहिनी आणि भाऊजी, खाली आम्ही दोघं. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे गल्लीचे सर. सर आणि सिस्टर यांच्या घराखाली राहायचं म्हणजे आपण सदोदित एकतर वर्गात नाहीतर वॉर्डात आहोत असं वाटत राहतं.

निवृत्तीनंतरचे पहिले तीन आठवडे आम्हा सगळ्यांचे हाल झाले. कामाची सवय असलेले हात रिकामे राहिले की ते दुसऱ्यांच्या कपाटात शिरतात. माझ्या औषधांच्या डब्यातल्या निम्म्या बाटल्या मुदत संपली म्हणून गेल्या. आमच्या पलंगावरच्या चादरीचे कोपरे त्यांनी इस्पितळी पद्धतीने असे घट्ट दुमडले, की आमचे हे म्हणाले, "पाकिटात पत्र घालतात तसं रोज स्वतःला घालून घ्यावं लागतं." भाऊजी पेपर वाचत बसले की वहिनी न विचारता त्यांचं मनगट धरून नाडी मोजायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या. त्या न बोलण्यानेच भाऊजींची नाडी वाढायची.

म्हणून त्यांनी एके सकाळी मागच्या शेडचं कुलूप काढलं, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एक भाऊजी सोडून.

शेडमध्ये मामंजींची, म्हणजे आमच्या सासऱ्यांची, स्कूटर होती. ते गेल्यावर बावीस वर्षं ती कुणी चालवली नव्हती. अंगावर फाटकी ताडपत्री, त्यावर पाय मोडलेल्या दोन खुर्च्या, त्यावर सुकलेल्या रंगाचे डबे. दोन्ही चाकांतली हवा जाऊन रिम जमिनीला टेकलेल्या. सीट फाटून एक स्प्रिंग वर आलेली, वर्गात हात वर करावा तशी. हेडलाइटच्या काचेआड कोळ्याचा भरलेला संसार. मूळचा रंग फिकट हिरवा होता, पण हे ठाऊक असणाऱ्यालाच दिसला असता.

भाऊजींच्या मनात त्या शेडबद्दल वेगळाच बेत होता. तिथे टेबल टाकून त्यांना भूमितीचं पुस्तक लिहायचं होतं. ते पुस्तक गेली अकरा वर्षं केवळ जागेअभावी अडलं होतं. भंगारवाल्याशी त्यांचं बोलणंही झालं होतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ही मी दुरुस्त करणार.

"मिस्त्रीकडे देऊ या की," भाऊजी म्हणाले.

"मी करणार म्हटलं."

भाऊजींना यातलं 'मी' कळलं नाही. मलाही नाही कळलं. दुपारी मी चहा घेऊन मागे गेले, तर वहिनी ओल्या फडक्याने हेडलाइट पुसत बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या हातात कात्री दिली. पेशंटच्या नातेवाइकांनी पाया पडायचं ते डॉक्टरांच्या. त्याचं काही नाही, तो त्यांचा मान. पण एकदा तरी मला स्वतः उघडायचंय आणि स्वतः बंद करायचंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माणूस तर कुणी देणार नाही मला."

मी चहा ठेवला आणि हेडलाइटच्या दुसऱ्या बाजूने फडकं धरलं.

भाऊजी माणूस मोकळा, पण अटींशिवाय त्यांना काही मान्य करता येत नाही. त्यांनी शाळेतून निरोपाची आठवण म्हणून आणलेला फळा शेडच्या भिंतीला लावला आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: पक्ष — वडिलांची स्कूटर. साध्य — पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी बाराच्या आत ती स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाईल. सिद्धता — आणि पुढे जागा कोरी. साध्य सिद्ध झालं तर शेड वहिनींची, आणि भाऊजी मागच्या सीटवर बसून गावभर फिरणार. नाही झालं तर बाराच्या ठोक्याला भंगारवाला.

यातली मागच्या सीटची अट वहिनींनी घातली होती. त्यांना स्कूटर चालवायला खुद्द मामंजींनी शिकवलं होतं, आणि परवान्याचं नूतनीकरण त्या दर वेळी मुदतीत करत आल्या होत्या, कारण कुठलीही मुदत संपू देणं त्यांच्या स्वभावात नाही. पण भाऊजी जन्मात कधी त्यांच्या मागे बसले नाहीत. ते नेहमी पुढे, आणि वेग असा की शेजारून सायकलवाले हात करून पुढे जायचे. दुसऱ्याच्या हातात हँडल असलं की ते रिक्षातही पुढचा दांडा धरून बसतात.

वहिनींनी शेड आधी तीन वेळा फिनेलने धुतली. चपला बाहेर. केसांना टोपी. जमिनीवर धुतलेली पांढरी चादर आणि तिच्यावर मधोमध स्कूटर, वरून दोन दिवे सोडलेले. सुट्या भागांसाठी ट्रे हवे होते, म्हणून माझ्या फ्रिजमधले बर्फाचे आठही ट्रे गेले. एकेका खणात एकेका जागचे नट, बोल्ट, वायसर, आणि खणाच्या कडेला चिकटपट्टीवर नाव. सहा आठवडे आमच्या घरात कुणाला गार पाणी मिळालं नाही.

मदतनीस म्हणून भाऊजींची नेमणूक झाली, कारण घरात रिकामे तेच होते. काम सोपं होतं. वहिनी मागे न बघता हात पसरणार, आणि त्या हातात मागितलेलं हत्यार मुठीच्या बाजूने, टपकन आवाज येईल असं ठेवायचं. भाऊजींना ते जमेना. त्यांच्या हातात काहीही आलं की आधी त्यावर बोलावंसं वाटायचं. वहिनींचा हात हवेत, आणि हे पान्याच्या तोंडाकडे बघत सांगताहेत की नट षटकोनी का असतो, प्रत्येक कोन एकशेवीस अंशांचा.

"पाना द्या," वहिनी म्हणाल्या. "अंश नकोत."

मी फळ्याशी. माझं काम मोजणीचं. थिएटरचा नियम असा, की पेशंटला बंद करण्याआधी सगळी हत्यारं, सगळे कापसाचे बोळे मोठ्याने दोनदा मोजायचे, आणि सिस्टरने "मोजणी बरोबर" म्हटल्याशिवाय कितीही मोठ्या सर्जनने टाका घालायचा नाही. वहिनींनी एकदा एका नामांकित सर्जनना एका बोळ्यापायी चाळीस मिनिटं उभं ठेवलं होतं. ते लालबुंद होऊन काय काय बोलले म्हणे. शेवटी बोळा त्यांच्याच बुटाच्या तळव्याला चिकटलेला सापडला. वहिनी ही गोष्ट सांगत नाहीत. आम्हाला ती त्यांच्या निरोपसमारंभात त्या सर्जननीच सांगितली. वहिनी एवढंच म्हणतात, की चौतीस वर्षांत माझी मोजणी चुकली नाही.

तर स्कूटर उघडून झाली तेव्हा मी फळ्यावर आकडा लिहिला: नट, बोल्ट, स्क्रू, वायसर मिळून दोनशे त्रेसष्ट.

बाजूचं पत्र्याचं कव्हर काढलं तेव्हा आत उंदरांचं जुनं घरटं निघालं. कागदाचा भुगा, त्यात मधे मधे लाल शाई. वहिनींनी चिमट्याने एक कपटा उचलून दिव्यासमोर धरला. अर्धा त्रिकोण आणि त्याखाली 'कोन अबक'. भाऊजी एकाएकी खिडकीबाहेर बघू लागले. मग हळूहळू बाहेर आलं, की ही नववीच्या चाचणीची उत्तरपत्रिका. तेवीस वर्षांपूर्वी एक गठ्ठा गहाळ झाला म्हणून सरांनी सगळ्या वर्गाला अंदाजाने गुण देऊन टाकले होते. गठ्ठा स्कूटरच्या कव्हरात होता. भाऊजींचं म्हणणं, चाचणीच तर होती, कुणाचं काय बिघडलं.

ज्याचं बिघडलं तो दुसऱ्याच दिवशी आला. कोपऱ्यावरचा मिस्त्री. इंजिनाच्या आतल्या रिंगा आमच्या आवाक्याबाहेरच्या होत्या, म्हणून त्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. वहिनींनी त्याच्या पान्यांना आणि हातोडीला साबणाने आंघोळ घातल्याखेरीज चादरीवर येऊ दिलं नाही. तो बिचारा निमूट उभा राहिला. मग घरट्यावर त्याची नजर गेली. तो भाऊजींचाच विद्यार्थी. "सर," तो फार सभ्यपणे म्हणाला, "मला त्या चाचणीत नऊ दिले होते तुम्ही. पन्नासपैकी." पुढचे चार आठवडे तो आला की आधी घरट्याच्या कपट्यांत आपलं अक्षर शोधायचा.

अशी आनंदात चाललेली गाडी एका संध्याकाळी अडली.

त्या दिवशी कार्बोरेटर उघडून साफ केला होता. त्याच्या पेटीचं झाकण धरून ठेवणारे दोन बारके पितळी नट असतात, चिंचोक्याहून लहान. काम संपलं, मोजणी झाली. दोनशे बासष्ट. पुन्हा मोजलं. दोनशे बासष्ट. पितळी नट एकच.

वहिनींनी दार लावून घेतलं. कुणी बाहेर जायचं नाही. चादर झटकली, कोपरे झाडले, आमच्या खिशांच्या शिवणी उलट्या केल्या. मिस्त्रीला बूट काढायला लावले. सर्जनचा अनुभव होताच. भाऊजींनी शाळेचा लोहचुंबक आणला आणि गुडघ्यांवर सगळी शेड पालथी घातली. अर्ध्या तासाने दारात उभ्या असलेल्या आमच्या ह्यांनी विचारलं, "दादा, पितळ चुंबकाला चिकटतं का?" भाऊजींनी चुंबक खिशात घातला.

नट सापडला नाही. वहिनी जेवल्या नाहीत. तसल्या नटाला दुकानात काय तोटा, असं मिस्त्री म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो बूट न घालता हातात घेऊन घरी गेला. प्रश्न नटाचा नव्हताच. मोजणी जुळत नाही तोवर बंद करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर भाऊजी माझ्या गॅससमोर उभे. पातेल्यात चहाचं काळं पाणी उकळत होतं आणि त्यात चमच्यावर एक पितळी नट.

"दुकानातून आणला," ते कुजबुजले. "फार चकचकीत आहे. जरा जुना करतोय."

मागे शेडमध्ये एक बाई महिनाभर जुन्याचं नवं करत होती आणि इथे माझ्या गॅसवर तिचा नवरा नव्याचं जुनं करत होता. वहिनींना सांगू नकोस, म्हणाले. काल त्या झोपल्याच नाहीत. नट ट्रेमध्ये दिसला की सुटतील बिचाऱ्या. मलाही ते पटलं. माणूस आयुष्यात कधी नव्हे ते काही बोलण्याऐवजी करत होता, त्यात कुठे काडी घाला.

सकाळच्या मोजणीला दोनशे त्रेसष्ट भरले.

वहिनींनी तो नट उचलला, उलटसुलट केला, खणात ठेवला. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आता हसतील म्हणून. त्या म्हणाल्या, "म्हणजे काल मी चुकले."

भाऊजी घाईने म्हणाले, होतं असं, दमली होतीस. पण वहिनींनी मला फळ्यावर कालच्या तारखेपुढचा बासष्ट पुसून त्रेसष्ट लिहायला लावलं, आणि पुढे लिहायला सांगितलं: चूक — सिस्टर. इस्पितळात चूक नावानिशी लिहायची असते.

मी लिहिलं. खडू फार जड झाला होता.

त्या दिवसापासून वहिनींचा हात अडखळायला लागला. बाकी काम होत होतं, उत्तमच होत होतं. पोचे निघाले, गंज निघाला, पॉलिश पेपरने आमच्या सगळ्यांच्या बोटांवरचे ठसे गेले, फिकट हिरव्या रंगाचे तीन हात बसले. आमच्या ह्यांनी सीट शिवून आणली. पण पूर्वी जो बोल्ट त्या एकदा आवळायच्या तो आता तीनदा तपासायच्या. आकडा सांगितला की माझ्याकडे बघायच्या, मी मान डोलावेपर्यंत. आणि एके दुपारी चष्मा पुसता पुसता म्हणाल्या, "इंजिन बंद करायचं काम मिस्त्रीलाच देते. वय होतं माणसाचं. माझ्या मोजणीवर आता मी कुणाला टाका घालू दिला नसता."

भाऊजींनी ते ऐकलं. वर जाऊन पेपर उलटा धरून बसले. मी जिन्यात गाठून म्हटलं, सांगून टाका. ते म्हणाले, "आता सांगितलं तर मोजणीत हात घातला म्हणून ती मला घराबाहेर काढेल. आणि बरोबर करेल." धाबं दणाणलं होतं त्यांचं. मीही गप्प बसले, कारण चहाचं पातेलं माझं होतं.

शेवटी मिस्त्रीनेच तोड काढली. तो म्हणाला, बंद तुम्ही करा, मी बाहेर उभा राहून बघतो. नऊ मार्कांच्या माणसावर कशाला सोडता. वहिनींनी बंद केलं. पण "स्वतः बंद करायचंय" म्हणणाऱ्या बाईचा चेहरा काही तो नव्हता.

शेवटचा रविवार उजाडला. रंग कोवळ्या पानासारखा, आरसे लावलेले, नवी ट्यूब, नवे टायर. अकरा वाजता भंगारवाला तीनचाकी घेऊन आला. गरीब माणूस, भांडायचं नव्हतं त्याला. अंगणातल्या खुर्चीत बसून स्कूटरकडे मागून-पुढून बघत म्हणाला, ही भंगारात घालायची म्हणजे जिवावर येईल. ऊन मी म्हणत होतं. म्हटलं, निदान सरबत तरी द्यावं. फ्रीजरच्या तळाशी मागे एक बर्फाचा ट्रे चिकटून बसला होता, तो खरवडून काढला, लिंबू पिळलं आणि ग्लास नेऊन दिला.

वहिनींनी हातमोजे काढले. एकदा सगळीकडे नजर फिरवली. ट्रे रिकामे, चादर रिकामी. त्यांनी स्टँडवरून गाडी काढली आणि किकवर पाय ठेवला.

"बाई," भंगारवाला खुर्चीतून म्हणाला, "हे तुमच्या सरबतातनं निघालं."

त्याच्या तळहातावर, वितळत्या बर्फाच्या तुकड्यात, पितळी नट होता.

मला एकदम सगळं आठवलं. त्या संध्याकाळी मोजणीआधी, रिकामा आहे असं वाटून, एक ट्रे मीच घरात आणला होता आणि घाईत नळाखाली धरून फ्रीजरमध्ये ढकलला होता. पाहुणे यायचे होते, ते आलेच नाहीत. आम्ही नट मोजत होतो. ट्रे मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वहिनींनी पाय किकवरून खाली घेतला. नट हातात घेऊन चादरीवर ठेवला. "माझ्या मोजणीने दोनशे त्रेसष्ट आत," त्या म्हणाल्या, "आणि एक बाहेर. म्हणजे आत कुठेतरी एक जागा रिकामी आहे आणि मला ती सापडलेली नाही." मग अगदी शांतपणे, "उघडा."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. पुरतं उघडायचं म्हणजे दोन दिवस. घड्याळात अकरा वाजून बत्तीस मिनिटं, सव्वा मिनिट दुरुस्त केलेली.

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांना आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं अठ्ठावीस मिनिटं गप्प उभं राहायचं. शेड त्यांची, टेबल, पुस्तक; मागच्या सीटवर बसणंही टळलं. आणि चहातल्या नटाचं कुणाला कधी कळलं नसतं, माझ्याखेरीज. माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते बोलायचं त्यांनी होतं.

भाऊजी एकदा फळ्याकडे बघत होते, एकदा वहिनींच्या हाताकडे. वहिनी पाना शोधत होत्या आणि पाना त्यांच्या समोरच होता.

"उघडू नकोस," भाऊजी म्हणाले. "एक नट बाहेरचा आहे. मी आणून ठेवला होता."

"केव्हा?"

"हरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तू झोपली नव्हतीस म्हणून."

"चहात उकळून," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग होता.

मिस्त्री दोन पावलं मागे सरकला. भंगारवाल्याने सरबत खाली ठेवलं. आम्ही सगळे आवाजाची वाट बघत होतो. वहिनी चादरीच्या कडेला हळूच बसल्या.

"म्हणजे त्या संध्याकाळी दोनशे बासष्टच होते."

"हो."

"मी बरोबर मोजले होते."

"तू कधी चुकली आहेस?" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. पुन्हा काढून पुसला. मग उठल्या त्या पूर्वीच्या वहिनी. थिएटरमध्ये मोजणीत कुणी असा हात घातला असता तर त्याचं पुढे काय झालं असतं, हे त्यांनी भाऊजींना चार वाक्यांत सांगितलं. ती मी इथे लिहीत नाही. एक वाक्य माझ्या वाट्याचं होतं, तेही ठेवते. मग हातमोजे चढवत म्हणाल्या, "ठीक आहे. पण बाहेरची वस्तू आत राहणार नाही."

जागा त्यांना ठाऊकच होती. कव्हर उघडलं. कार्बोरेटरच्या पेटीवर दोन नट शेजारी शेजारी. एक पिवळाधमक, दुसरा तपकिरी. "हा मी तीन वेळा ब्रशने घासला," वहिनी म्हणाल्या. "डाग निघत का नाही म्हणून."

त्यांनी मागे न बघता हात पसरला. टपकन आवाज झाला. पाना मुठीच्या बाजूने, आणि भाऊजींच्या तोंडातून एक अंशही नाही. तपकिरी नट बाहेर आला, ओला नट पुसून आत गेला. मग वहिनी थांबल्या. कव्हर हातात, पण लावेनात. आम्हाला कळेना काय राहिलं. भाऊजींना कळलं. सर्जनने स्वतः म्हणायचं नसतं.

भाऊजींनी मोजलं. चादर, खण, एकेक ट्रे, आठवा ट्रे माझ्या स्वयंपाकघरातून मागवून. दोनदा, मोठ्याने. बाहेर एक, तोही बाहेरचाच.

"मोजणी बरोबर," ते म्हणाले.

वहिनींनी स्वतः बंद केलं.

बाराला आठ मिनिटं. जुन्या स्कूटरला आधी डाव्या अंगाला तिरकी करायची, आजारी माणसाला कुशीवर वळवावं तशी, मग सरळ करून किक. पहिली किक वाया गेली. दुसरीला ती खोकली. तिसरीला आतून असा आवाज आला आणि असा निळा धूर सुटला, की भंगारवाला खुर्चीसकट मागे झाला. धुरातून वहिनींचा आवाज आला, "बसताय ना?"

भाऊजी बसले. दोन्ही हातांनी वहिनींचे खांदे धरले, पुरात भिंत धरावी तसे, आणि डोळे घट्ट मिटले. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा बाराला तीन मिनिटं होती. मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या आणि मग आपणच लाजून हात पुसले.

अर्ध्या तासाने परत आले. भाऊजींचे केस उभे, डोळे उघडे. दुसऱ्या वळणावर उघडले म्हणाले. वेग ताशी बावीस, एका सायकलवाल्याला मागे टाकलं, तेही त्यांनीच सांगितलं, दोनदा. भंगारवाला तोवर थांबला होता. मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे त्याने नेले, आणि जाताना अजून अर्धा ग्लास चालेल म्हणाला, या वेळी बिनबर्फाचा.

भाऊजींना शेडच्या कोपऱ्यात चार फुटांचं टेबल मंजूर झालं आहे. चपला बाहेर. पुस्तक अजून अडलेलंच आहे. मधेच वरून हाक येते आणि त्यांना मागे बसून कुठेतरी जावं लागतं. आणि वहिनी खाली आल्या की आधी माझा फ्रिज उघडतात आणि बर्फाचे ट्रे मोजतात.

फळा अजून तिथेच आहे. त्या रविवारी दुपारी सगळे पांगल्यावर मी चादर गुंडाळायला गेले, तर भाऊजी खडू घेऊन उभे. 'सिद्धता' पुढची जागा त्यांनी कोरीच ठेवली होती. खाली त्या जुन्या तारखेशी आले, त्रेसष्ट पुसून बासष्ट लिहिलं. 'चूक — सिस्टर' मधला 'सिस्टर' ओल्या फडक्याने नीट पुसला, वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि तिथे आपल्या सुबक अक्षरात लिहिलं: सर.